रॅमला शिवलेला कावळा

शनिवारी सकाळी आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत इतकी गर्दी झाली की वाटेत रोज ठाण मांडून बसणारी गायसुद्धा कंटाळून उठून गेली. शरदगुरुजींच्या घराच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर बायका, कठड्याला लटकलेले लोक, आणि मधोमध पाटावर हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला कॉम्प्युटरचा डबा. भोवती रांगोळी, पुढं समई.

"तीनदा हुंकार देतो म्हणे," एक बाई दुसरीला सांगत होती.

"अहो, संकठा घाटावरच्या एका घरी असंच झालं होतं," देवदत्त भटजी म्हणाले. "यंत्रेश्वर महाराजांनी रामनामीखाली नुसता हात फिरवला आणि मशीन चालू! मी माझ्या आँखोंनी बघितलंय."

भटजींनी आँखोंनी बघितलं होतं ते वरचं रामनामीचं कापड. खाली काय चाललं होतं, ते त्यांनी बघितलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. काशीत चार वेद तोंडपाठ असणारा माणूस कापडाखाली काय आहे एवढं विचारत नाही, याची मला फार वर्षांपासून किळस येते.

मी निवेदिता. शेजारच्या घरात राहते. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही हे आधीच कबूल करते, कारण पुढं जे झालं त्याला फारसं कळण्याची गरजच नव्हती. वाचता येणं पुरेसं होतं.

गोष्ट साधी. गुरुजींची मुलगी रुचा घरातल्या जुन्या पोथ्यांचे फोटो काढून त्यांचा मजकूर टाइप करते. एका विद्यापीठाचं काम. पहिला खंड सोमवारी पाठवला तर पुढची तीन वर्षं तिचा हुद्दा पक्का, नाही तर काम दुसऱ्याला. फोटो जड झाले, मशीन अडखळू लागलं, म्हणून गुरुजींनी ओळखीच्या दुकानातून जास्त रॅम मागवली. रॅम म्हणजे बोटभर रुंदीची एक पट्टी, कॉम्प्युटरची तात्पुरती आठवण. दुकानाच्या माणसानं गुरुवारी येऊन नवी बसवली, जुनी 'एक्स्चेंज'मध्ये खिशात घातली आणि निघून गेला. रुचानं बटण दाबलं. पडदा काळा, आणि डब्यातून आवाज: पीं, पीं, पीं.

दुकानदार फोनवर म्हणाला, "रैम एकदम फर्स्ट क्लास है पंडितजी. घर में कोई दोष होगा. यंत्रेश्वर महाराजजी को दिखा लीजिए."

महाराज तासाभरात हजर! आजारी माणसाकडं डॉक्टर इतक्या लवकर येत नाही. भगवं रेशीम, कपाळभर चंदन, एका कानात भिकबाळी आणि दुसऱ्या कानात फोनचं ऐकायचं बोंड.

"अंग्रेजी में क्या लिखते हैं?" ते म्हणाले. "आर, ए, एम. पढ़िए पंडितजी!"

"रॅम," गुरुजी म्हणाले.

"अरे, राम! मलेच्छों ने भी माना, यंत्र की स्मृति में राम बसते हैं. और राम वहाँ नहीं बैठते जहाँ अशुद्धि हो. इस घर में कोई कन्या है?"

बावीस वर्षांची मुलगी समोर उभी असताना हा प्रश्न! पुढचा प्रश्न तर माझ्या हातून लिहवत नाही. त्यांनी तो पाच परक्या पुरुषांसमोर विचारला. रुचाची आई, प्रभावतीकाकू, खाली मान घालून पुटपुटल्या, "अजून नाही. पण तिला एक-दोन दिवसांत कावळा शिवायचाय."

महाराज क्षणभर थबकले. दोष आधी आणि कारण नंतर, अशी पंचाईत. पण निर्लज्जाला काय, लगेच म्हणाले, "यंत्र को आने वाली अशुद्धि का भी भान हो जाता है. तीन बार रोया ना?"

आणि गुरुजींनी मान डोलावली. ज्या माणसाची हयात घाटावर पिंड पाडण्यात गेली, त्याचं घर कावळ्याची वाट बघत जगतं. कावळा पिंडाला शिवला तर आत्मा तृप्त. तोच कावळा बाईला शिवला तर विटाळ. पक्षी एकच, पण बाईपाशी आला की बिघडला! आणि आता तर न आलेल्या कावळ्याचाही विटाळ लागू झाला. निकाल असा: शनिवारी शुद्धी, आणि यापुढं रुचानं यंत्राला हात लावायचा नाही. पोथ्यांचं काम तिचा आतेभाऊ करील.

रुचा त्या संध्याकाळी माझ्याकडं आली. रडली नाही, ते बरं केलं.

"मावशी, आतेभावाला मोडीतलं एक अक्षर येत नाही. सोमवारी काय भेजू मी?"

"काढलेस का त्या पट्टीचे फोटो?"

"मी तर सगळ्याचेच फोटो काढते. आदत आहे."

आम्ही दोघी बसलो. मदरबोर्डवर, म्हणजे डब्यातल्या त्या मोठ्या हिरव्या पाटीवर, त्याचं नाव छापलेलं असतं. फोटोतलं ते नाव रुचानं फोनवरून कंपनीच्या साइटवर टाकलं. कोणती रॅम चालते याची यादीच निघाली: पिढी तिसरी, एका खाचेत जास्तीत जास्त आठ जीबी, आणि खाली ठळक ओळ, की सर्व्हरची रॅम चालणार नाही. मग पट्टीवरचं लेबल मोठं करून पाहिलं. आकडे सगळे जुळत होते. लांबी जुळत होती, पट्टीची खाचही जुळत होती, म्हणून तर ती बसली. फक्त आकड्यांच्या शेवटी एक अक्षर होतं. घरच्या मशीनला हवं 'यू', आणि इथं 'आर'. आर म्हणजे सर्व्हरची, मोठ्या कचेऱ्यांतून भंगारात निघालेली. ती घरच्या मशीनमध्ये बसते, पण मशीनला ती वाचता येत नाही. मग ते पीं पीं करतं. मला रॅम सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोही कंपनीनं पुस्तिकेत छापलाय.

"मग महाराजांनी संकठा घाटावरचं मशीन चालू कसं केलं? भटजी तर सगळ्यांना सांगतात," रुचा म्हणाली.

"तूच सांग. सर्व्हरची पट्टी मंत्रानं घरची होते का?"

तिनं लेबलचा फोटो पुन्हा मोठा केला. "नाही होत. म्हणजे बदलतात. रामनामीखाली."

शुक्रवारी मी ती यादी कागदावर उतरवून गुरुजींकडं गेले. "निवेदिताबाई, तुमचं शास्त्र शाळेत," ते म्हणाले. त्याच सकाळी रुचा बाजूला बसली होती. जिन्याखाली तिचं ताट, तिचा तांब्या, तिची चटई.

तर शनिवार. महाराज पाटासमोर बसले. घंटा वाजली. "पहले यंत्र की पीड़ा सुनिए," म्हणत त्यांनी बटण दाबलं. पीं, पीं, पीं. लोकांनी हात जोडले. कोणी तरी चक्क रडलं. महाराजांनी वायर काढली आणि 'राम राम' छापलेलं पिवळं कापड डब्यावर पसरलं.

"कापड काढा," मी म्हणाले.

"माताजी, मर्यादा..."

"राम उघड्यावर बसत नाहीत का? घाटावर तर सगळीकडं उघड्यावरच आहेत."

दोन-चार जण हसले. महाराजांच्या चंदनाखालून घाम दिसू लागला. "श्रद्धा नहीं है तो कृपा नहीं होगी!" ते ओरडले आणि उठायला लागले. मी रामनामीचं टोक धरलं होतं, ते सोडलं नाही. ओढाताणीत कापडाची दुमड उलगडली आणि फरशीवर एक हिरवी पट्टी पडली.

मी पट्टी उचलली आणि चष्मा वर करून मोठ्यानं वाचली. आकडे तेच. शेवटी 'यू'. कोपऱ्यात त्याच दुकानाचं गोल स्टिकर.

"देवदत्त भटजी, तुमच्या आँखोंनी आता हेही बघा."

"यह तो प्रसाद की रैम है!" महाराज म्हणाले. "असली बाधा कन्या की है."

"बरं," मी म्हणाले, "बाधा कुणाची ते तपासू या. गुरुजी, तुम्ही सोवळ्यात आहात ना?"

"पहाटे गंगेत स्नान करून रेशमी नेसलोय," गुरुजी म्हणाले.

"मग पहिली पट्टी, आर अक्षराची, तुमच्या हातानं काढून पुन्हा बसवा."

मी दाखवत गेले तसं त्यांनी केलं. पट्टी काढली, बसवली, वायर जोडली, बटण दाबलं. पीं, पीं, पीं. गुरुजींनी आपल्या हाताकडं पाहिलं. सत्तर वर्षांचं सोवळं, आणि यंत्र रडलं.

"आता दुसरी. रुचा, ये."

बायकांत कुजबूज झाली. काकू "अग, नको" म्हणाल्या. रुचा जिन्याखालून उठली आणि सगळ्यांच्या मधून चालत आली. लोक अंग चोरून बाजूला झाले. पाटाजवळ उभी राहून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "आज माझा दुसरा दिवस आहे. सब लोग सुन लीजिए, नंतर कोणी म्हणू नका की माहीत नव्हतं."

तिनं वायर काढली. आर काढली, यू बसवली, दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् टक् बंद झाल्या. वायर जोडली. बटण.

एक छोटी पीं. पडदा उजळला. पोथीचं पान जिथं सोडलं होतं तिथं उघडायला ती खाली बसली.

गर्दीतून शिट्टी आली. महाराज एव्हाना ब्रह्माघाटाच्या बाजूला पळाले होते, रामनामी माझ्याच हातात सोडून. त्यांचा आणि दुकानदाराचा संबंध पुढं कळला: साडू. एकानं आर विकायची, दुसऱ्यानं यू लपवून आणायची, दक्षिणा घ्यायची आणि आर उचलून पुढच्या घरी न्यायची. एक पट्टी किती घरांत रडली, देव जाणे. देव कशाला, दुकानदार जाणे.

मला त्या लबाडांचा राग आला, पण किळस त्यांची नाही आली. लबाड लबाडीच करणार. किळस आली ती आमची. एका अक्षराच्या चुकीसाठी आम्ही पोरीवर विटाळाचा दोष ठेवला आणि ते अक्षर वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. बाबांनो, रॅम घेण्याआधी मदरबोर्डचं नाव वाचा, यादी वाचा, लेबलचं शेवटचं अक्षर वाचा. आणि यंत्र अडलं तर आधी यंत्र तपासा. बाई तपासायला धावू नका.

गर्दी पांगल्यावर गुरुजी रुचाजवळ आले. घसा खाकरून म्हणाले, "यंत्राचं ठीक आहे. माझी चूक झाली. पण देवघराची गोष्ट वेगळी हं. तिथं चार दिवस..."

रुचानं पडद्यावरून नजर काढली नाही.

"बाबा, तुमच्या सगळ्या पोथ्या मीच टाइप केल्यात. हे कुठल्या पानावर लिहिलंय ते सांगा, मी वाचते. मग आपण तपासू."

गुरुजींनी जिन्याखालचं ताट उचललं आणि आत नेऊन आपल्या ताटाशेजारी ठेवलं.