कात्री, कागद आणि फुगेरावांचं बदक

मी एक जुनी कात्री आहे आणि आजवर माझ्या तोंडून एक सूतसुद्धा वाकडं गेलेलं नाही.

एका नवरदेवाची पँट सोडली तर. तिचा एक पाय घोट्याला टेकत होता आणि दुसरा गुडघ्याखाली जरा उतरून तिथंच थांबला होता. पण मित्रांनो, त्यात माझा दोष नव्हता. दोष फुगेरावांचा होता. ते कोण ते सांगते, आधी माझं ऐका.

टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात. मी घणाचे सोसले, मला शिंप्याचं दुकान मिळालं. गल्लीच्या टोकाला एक खोली, दोन मशिनं, कोपरा तडकलेला उभा आरसा, आणि कपडे घालून बघायला एक पडदा. मास्तरांनी मला आणलं त्या दिवशी माझ्या मुठीला लाल चिंधी बांधली आणि काकूंना बजावलं, "ही फक्त कापडाची. कागदाला लावायची नाही." काकू म्हणजे मास्तरांची बायको. काजं, बटणं, तुरपाई सगळं त्यांच्याकडे. कापडाच्या कात्रीनं कागद कापला की तिची धार मरते, हे शिंप्याच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. काकूंनी मान हलवली. त्यांनी ते पाळलं. मोडलं ते मास्तरांनीच.

त्याचं कारण फुगेराव. पेपरच्या मागच्या पानावर रोज तीन चौकटींत यायचे. पोट सुटलेलं, डोक्यावर टोपी, मागं एक बदक. पहिल्या चौकटीत फुगेराव काहीतरी करायला निघायचे, दुसरीत त्यांना वाटायचं जमलं, तिसरीत आपटायचे. मास्तर ते वाचल्याशिवाय मशीनवर पाय ठेवत नसत. वाचून झालं की हाताला लागेल ती कात्री उचलायची आणि चित्र कापायचं. हाताला कायम मीच लागायचे. कापलेलं चित्र पडद्यामागच्या भिंतीला खळीनं चिकटायचं. बघता बघता अख्खी भिंत फुगेरावांची झाली. गिऱ्हाईक पँट घालून बघायला आत जायचं आणि बाहेर यायचंच नाही. नुसतं हसणं ऐकू यायचं. एक पोस्टमन तर हसत हसत बाहेर आला, तेव्हा पँट त्याच्या हातातच होती.

आणि मास्तरांचे विचार. शर्ट कापता कापता चालूच. या चित्रकाराला बटणं मोजता येत नाहीत, पहिल्या चौकटीत तीन, दुसरीत चार, हा कोट शिवला कुणी? एकदा मास्तर स्वतः स्टुलावरून पडले, तर उठता उठता म्हणाले की डोक्याभोवती चांदण्या काही दिसल्या नाहीत, चित्रकार कधी पडलेला दिसत नाही. त्यांचा लाडका विचार मात्र वेगळा होता. माणूस काल कितीही आपटला तरी आज परत पहिल्या चौकटीत उभा, कोटाला सुरकुती नाही. कुणाचं कापड बिघडलं, कुणी तोंडावर बोलून गेलं, की मास्तर म्हणायचे, "झाली तिसरी चौकट. आता उद्याची पहिली."

काकू यावर काही बोलत नसत. फुगेरावांचं बदकही बोलत नसे. त्याला सगळं आधी कळायचं, पण ते गप्प मागून चालायचं. अशी बदकं घरोघरी असतात, असं मास्तर म्हणायचे आणि काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसायचे.

कागद खाऊन खाऊन मी बोथट झाले. नवरदेवाची पँट आली तेव्हा मी कापड कापायच्या ऐवजी चावलं. कड सरळ करायला मास्तरांनी बोटभर काढलं, ते परत वाकडं, परत बोटभर, असं करत पँट वर वर चढत गेली. काकूंनी त्या दिवशी मला उचलून टेबलाच्या खणात टाकलं आणि मास्तरांना दुधाच्या पिशव्या कापायची कात्री दिली. चित्रांना ही, म्हणाल्या. धारवाल्याकडे मला त्यांनीच नेलं. तेलही त्यांनीच दिलं.

मग मास्तर तापानं पडले. चांगलेच फणफणले, दुकानाकडे बघायची शुद्ध नव्हती. दुकान काकूंनी चालवलं. फुगेरावांची चित्रंही रोज कापून ठेवली. त्यातच दातांच्या डॉक्टरांचा कोट शिवायला आला. त्यांचा दवाखाना समोरच, आणि त्यांचा सत्कार व्हायचा होता. मास्तर बरे होईपर्यंत निदान कापून तरी ठेवू, म्हणून काकूंनी पेपरवर कोटाच्या पाठीचा नमुना आखला. पिशव्यांची कात्री स्वयंपाकघरात राहिली होती. त्यांनी मला घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि कागदाला लावलं. तेवढं एकदाच. लावण्याआधी मात्र कागद उचलून त्या काहीतरी वाचत होत्या आणि गालात हसत होत्या. मी बघितलं.

मास्तर बरे झाले आणि आधी चित्रं मागितली. सोमवारच्या चित्रात बदक रुसून चौकटीबाहेर निघून गेलं होतं. बुधवारी ते परत फुगेरावांच्या मागं उभं. मंगळवार गायब. तो पेपर कुठं गेला, असं त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, कापला असेल कशाला तरी.

झालं. मास्तरांना अन्न गोड लागेना. बदक परत आलं कसं? त्यांनी पोस्टमनला विचारलं, पेपरवाल्याला विचारलं, रद्दीवाल्याची गठडी उपसली. डॉक्टरांनी सांगितलं की आपण फक्त पहिलं पान वाचतो. पोस्टमन म्हणाला, भूक लागली असेल, बदकच ते. मास्तरांना पटेना. रोज भिंतीतल्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचे. बघता बघताच त्यांनी डॉक्टरांचा कोट शिवला. कागदी नमुना पाठीला टाचलेला होता. तो काढायचा राहिला आणि वर अस्तर बसलं. मला दिसत होतं, मित्रांनो. पण तोंड एवढं मोठं असून मला बोलता येत नाही.

सत्काराच्या दिवशी दुपारी डॉक्टर कोट घालूनच दुकानात आले.

"मास्तर, हा कोट बोलतो."

"बोलतो म्हणजे?"

"वाकलो की कडकड वाजतो. सकाळी एका बाईंना वाटलं, त्यांचा जबडाच मोडला. खुर्चीवरून उठून पळाल्या. तासाभरात मला न्यायला गाडी येतेय."

मास्तरांनी पाठीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. डॉक्टरांना पडद्यामागं बसवलं, मला उचललं आणि अस्तर उसवलं. आतून पेपर निघाला. मंगळवारचा.

पहिल्या चौकटीत फुगेराव एकटेच, टोपी हातात. दुसरीत ते कंदील पेटवतायत. तिसरी नव्हती. तिच्यातून मुंढ्याचा गोल गेला होता, म्हणजे जिथं बाही बसते तिथली कापलेली गोलाई. तो तुकडा केरात जाऊन किती दिवस झाले होते.

पडद्यामागून हसणं ऐकू येत होतं, ते डॉक्टरांचं. मास्तरांनी अस्तर परत शिवलं, कोट सुलटा केला आणि टेबलावर पालथा पसरला. इस्त्री तशीच राहिली.

काकू बटण लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फुगेराव कंदील घेऊन पुढं चाललेत. बदक त्यांच्या मागं मागं, त्यांची विसरलेली छत्री घेऊन. त्या दिवशी आपटले नाहीत ते."

मास्तर बघतच राहिले. "तू वाचतेस?"

"तुमच्या आधी. दारातला पेपर कोण उचलतं रोज?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"अख्ख्या गल्लीला विचारलंत. मला कुठं विचारलंत?"

मास्तरांनी अगदी हळू विचारलं, "छत्री कशी धरली होती गं? पंखात की चोचीत?"

"चोचीत. अशी," म्हणत काकूंनी खडू घेतला आणि समोर जे होतं त्यावर काढून दाखवलं. मास्तर वाकून बघत होते. छत्रीची मूठ जरा मोठी झाली, म्हणाले, आणि डोळे पुसले. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. डॉक्टर पडद्यामागून धावत आले, कोट अंगात घातला, दोनदा वाकून बघितलं. आवाज नाही. खूश होऊन गेले.

तर मित्रांनो, कापडाच्या कात्रीनं कागद कापू नका. तिला अधूनमधून तेल द्या, ओलीत ठेवू नका. आणि घरात कुणी तुमच्या आधी पेपर वाचत असेल, तर गल्लीत विचारत फिरण्याआधी त्यांना विचारा.

सत्काराला गर्दी चांगली होती म्हणतात. डॉक्टरांनी आधी मंचावरच्या पाहुण्यांकडे वळून, वाकून नमस्कार केला. लोकांकडे पाठ झाली. पाठीवर बदक होतं, छत्रीसकट.