झाडलेल्या वाळूवर

आमच्याकडे, या लाल वाळवंटात, माणूस गेला की त्याची पावलं पुसतात. हातात डहाळी घ्यायची, तो जिथे बसला-उठला ती वाळू झाडायची. झाडून होईपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकत नाही, त्याचं नावही तोंडातून काढत नाही. नोरीन आईचा नवरा थंडीच्या तोंडाशी गेला आणि तेव्हापासून लाल टेकाडामागचं खोरं असं बंद होऊन पडलं. नोरीन माझ्या आईची धाकटी बहीण; आमच्यात तीही आईच.

त्या खोऱ्यात निनू आहे, असं तिचा नवरा शेवटपर्यंत सांगत होता. सशासारखे कान, राखेसारखी मऊ लव, पोटाला पिशवी, शेपटीचं टोक पांढरं. दिवसभर वळसे घेत खाली उतरलेल्या बिळात तो निजतो आणि अंधाराबरोबर वर येतो. रेंजरच्या कामावर मला आठ वर्षं झाली, पण निनू अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमची भेट सकाळची: तो येऊन गेलेला, आणि मी त्याची वाळू वाचत बसलेली.

थंडीत आम्ही माळाचे लहान लहान तुकडे जाळतो. ते राहिलं तर उन्हाळ्यात वीज पडून पेटलेला वणवा सगळंच गिळतो, आणि बिळातून वर आलेल्या निनूला खायला ना मुळं उरतात ना अळ्या. यंदा वारा लवकर तापू लागला होता, जाळायला दोनच दिवस उरले होते. ऑफिसातल्या कॅलमने आम्हाला सांगून ठेवलं होतं, परवा दुपारपर्यंत निनूची ताजी खूण दाखवा, नाहीतर जाळणाऱ्यांच्या गाड्या दुसरीकडे जातील. मग नोरीन आई खोरं उघडायला तयार झाली. इतके दिवस ती का थांबली, हे तिला कुणी विचारलं नाही.

सकाळीच आम्ही टेकाड ओलांडलं. गेलेल्याची पावलं वाऱ्याने कधीच नेली होती, तरी ती हातानेच पुसावी लागतात. नोरीन आई रडत रडत एका बाजूने झाडत गेली, मी दुसऱ्या बाजूने. काम लवकर उरकावं म्हणून मी सपासप डहाळी मारत होते. शेवटच्या झुडपाशी आले आणि हात थांबला. डहाळीखालून अर्धं पाऊल डोकावत होतं. तीन लांब नखं, कडा अजून धारदार. मागे वळून पाहिलं तर सगळी वाळू गुळगुळीत. आजूबाजूला उकरलेले खड्डे होते, पण ते जुने, ढासळलेले. रात्रीची ताजी ओळ मीच पुसून टाकली होती.

नोरीन आईने वाकून ते अर्धं पाऊल पाहिलं. डोळे अजून ओले होते, तरी ओठांवर हसू आलं.

"गाढवे, मेलेल्याची पुसायला सांगितली होती. जित्याची नाही."

मी कॅलमला फोन लावला. अर्ध्या पावलावर गाडी नाही पाठवता येत, तो म्हणाला. मी खाली मान घालून बसले. नोरीन आईने मात्र चुलीवर चहा ठेवला आणि मला समजावलं की कोरी वाळू काही वाईट नसते. उद्या तिच्यावर जे असेल ते फक्त आजच्या रात्रीचं असेल.

आम्ही टेकाडाअलीकडेच मुक्काम केला. उजाडताच मी धावणार तोच तिने माझा हात धरला. ऊन तिरपं पडू दे, सावली भरली की खूण बोलते.

आणि खूण बोलली. इथे तो वर आला, थबकला, मागचे पाय खोल रुतले. इथून वाकडातिकडा झुडपापाशी गेला. मुळाशी कान लावला असेल, कारण एकाच जागी सरळ खाली उकरलं होतं, माझा हात कोपरापर्यंत जाईल इतकं, आणि आत अळीची पोकळ वाट. पुढे डावीकडून गोल, बिननखांची पावलं आली. मांजर. एके ठिकाणी पोट वाळूला टेकवून दबा धरलेला. त्यापुढे निनूच्या उड्या लांब झाल्या, आणखी लांब, आणि एका मातीच्या उंचवट्याशी संपल्या. मांजराची पावलं तिथे दोन फेरे घालून निघून गेली होती.

बिळाचं तोंड आतून बुजवलेलं होतं. पण बाजूला एक चिमुकली फट होती, आणि फटीबाहेर वीतभर चालून परत वळलेली पावलं, नखं तांदळाएवढी.

नोरीन आई हळूच गुणगुणली, आम्ही पोरी असताना म्हणायचो ते:

*दिवसा मातीखाली, राती मातीवर,*
*पिशवी उलट्या तोंडाची, माती न पडे बाळावर.*

"सहा थंड्या तो या निनूला बघत होता," ती म्हणाली. "मला वाटायचं, म्हातारा थापा मारतोय."

मी फोटो पाठवले. कॅलमने गाडी निघाल्याचं कळवलं, आणि तोवर कडेचं गवत पेटवायला सांगितलं. बीळ आणि अळीची झुडपं सोडून, वाऱ्याच्या उलट्या बाजूने. कुठून ते नोरीन आईला पाठ होतं.

झाडलेल्या वाळूच्या काठाशी मी सवयीने थांबले. ती निनूची ओळ चुकवत सरळ मधून चालत गेली. पलीकडून तिने हात पुढे केला.

"ती डहाळी दे इकडे. वाळली आहे, छान पेटेल."

मी तिच्या पावलांवर पाऊल ठेवत गेले आणि डहाळी तिच्या हातात दिली.