सरावाची गर्दी

"मॅडम, तुमची माणसं कुठायत?" सरांनी कर्ण्यातूनच विचारलं, त्यामुळे ते अख्ख्या मैदानाला समजलं.

"ती काय सर, झाडाखाली. अंग मोकळं करतायत."

झाडाखाली दहा-पंधरा माणसं खरोखरच अंग मोकळं करत होती. एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून डावीउजवीकडे वळत होते, दोघीजणी चवड्यांवर उभ्या राहून खाली-वर होत होत्या. झाडून सगळ्यांच्या पायांत पळायचे बूट. सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी म्हटलं होतं, उत्सवाला येतात तशी माणसं आणा. म्हातारी, लेकुरवाळी, वाटेत उभं राहून गप्पा मारणारी. तुम्ही शर्यतीला निघालेली आणलीत."

वर्गातली पोरं हसली. तीही हसली. हसताना तिला आपली चोरी पकडली गेलीय असं वाटलं, पण सर पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले आणि तिची सुटका झाली.

घरात तिचं नाव बारकी. चाळिशी ओलांडली, अंगानं भरली, कानांपाशी केस पिकले, तरी बारकीची मोठी काही झाली नाही. शहरातल्या सभागृहाच्या तिकीट खिडकीत तिची आजवरची सगळी नोकरी झाली होती. खिडकीतून तिला माणसांचे हात दिसत, तोंडं क्वचित. आता सभागृहाच्या मालकांनी शेजारच्या मैदानावर दरवर्षी कलामहोत्सव भरवायचं मनावर घेतलं होतं आणि ते सांभाळायला त्यांना व्यवस्थापक हवा होता. "रीतसर शिकून या, पास व्हा, खुर्ची तुमची," असं साहेब म्हणाले, आणि बारकी रोज संध्याकाळी महोत्सव व्यवस्थापनाच्या वर्गाला जायला लागली. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं. ती तिला मॅडम म्हणत. त्यात आदर किती आणि गंमत किती, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिकली मात्र ती जीव ओतून. उत्सव म्हणजे रोषणाई आणि गाणी अशी तिची समजूत होती. तो निम्म्याहून जास्त संडास, वायरी आणि बाहेर पडायच्या वाटा असतो, हे तिला इथे कळलं. घरी आली की ती हे सगळं दादाला सांगायची. दादा शिंपी. मशीनवर पाय चालवता चालवता तो ऐकायचा आणि मध्येच शंका काढायचा.

"म्हणजे लोक आत कसे येतील याच्यापेक्षा बाहेर कसे जातील याची काळजी जास्त?"

"हो."

"मग आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांचंही तुझ्याकडेच घे बाई. येतात, आणि जायचं नाव घेत नाहीत."

दादा तिच्याहून बराच मोठा. आईवडील गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लागेपर्यंत तिचे कपडे स्वतः शिवले. लहानपणी आलेल्या तापानं त्याचा एक पाय वाळून गेला होता. तो कुबडी घेऊन हळूहळू चाले, जीभ मात्र पायांची सगळी कसर भरून काढायची. घरात बारकीला त्याच्या चालण्याचं काही वाटत नसे. बाहेर वाटायचं. लोक आधी त्याच्याकडे बघत, मग तिच्याकडे, आणि मग फार गोड बोलत. शाळेत तो डबा द्यायला आला की पोरं त्याच्यासारखं चालून दाखवायची, तेव्हापासून हे तिच्या मनात बसलं होतं. वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून देताना ती म्हणाली होती, "घरी मोठा भाऊ असतो. कपड्यांच्या व्यवसायात आहे." ते खोटं नव्हतं, म्हणूनच तिला ते जास्त टोचलं. पुढे वर्गासाठी नारिंगी जाकिटं शिवायची ठरली, तेव्हाही ती "माझ्या ओळखीचे एक आहेत" एवढंच म्हणाली. दादानं आठवडाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. प्रत्येक जाकिटाला त्यानं वॉकीटॉकीसाठी छातीवर वेगळा खिसा लावला. तो कुणी सांगितला नव्हता.

आजची परीक्षा शेवटची आणि खरी. मैदानावर खुर्च्या मांडून चार भाग केले होते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक भाग आणि त्याचं एक फाटक. शिट्टी वाजली की न पळता, न ढकलता, आपली माणसं आपल्या फाटकातून ठरल्या वेळेत बाहेर काढायची. गर्दी ज्याची त्यानं आणायची, शक्यतो घरची, शेजारची. ही सरांची पद्धतच होती. ते म्हणत, ज्याच्या घरचं माणूस चेंगरू शकतं, तोच वाट नीट आखतो.

बारकीनं घरी तारीख सांगितलीच नाही. तिनं रोज सकाळी तळ्याभोवती झपाझप फेऱ्या मारणाऱ्या मंडळींना गाठलं. एकदा माणसं अशी निवडली म्हटल्यावर पुढचंही आपोआप ठरलं. मंचाकडे जाणाऱ्या वायरी तिच्या फाटकातून आडव्या गेल्या होत्या. त्यांच्यावर टाकलेली रबरी पट्टी एका बाजूनं उचलली जात होती. सरांनी कालच "ती दोन्हीकडून बसवून घ्या" असं सांगितलं होतं. बारकीला वाटलं, आपली माणसं काय, टुणकन ओलांडतील.

परीक्षक बाई आल्या. ठेंगण्या, पायात कापडी बूट, मोठमोठे महोत्सव पार पाडलेल्या. त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. फाटकं बघितली, घड्याळ हातात घेतलं. लोक खुर्च्यांवर बसले. बारकी फाटकापाशी उभी राहून आपला भाग नजरेखालून घालत होती, तेव्हा तिला पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर दादा दिसला.

इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस. कुबडी पायाशी आडवी. शेजारी तळ्यावरचे बँकेतले काका. त्यांची पँट कमरेला सैल झाली होती आणि ती आत घालून घ्यायला ते सकाळी दादाकडे गेले असणार. तिथेच हे फुटलं. दादा तिच्याकडे बघून हसला नाही, हातही केला नाही. परीक्षेत आहे पोरगी, तिला बिचकवू नये, एवढं त्याला कळत होतं. तो फक्त वर्गातल्या सगळ्यांच्या अंगावरची जाकिटं एकेक करून बघत होता, आणि त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं.

तिच्या मनात आलं, जाऊन सांगावं, तू बाहेर थांब. तेवढ्यात शिट्टी वाजली.

तळ्यावरची मंडळी शिस्तीत उठली आणि झपझप निघाली. बारकी हात दाखवत होती, "इकडून, सावकाश, इकडून" म्हणत होती. निम्मे लोक बाहेर पडले. मग दादा आला. आपल्यामुळे बहिणीचा वेळ जाऊ नये म्हणून तो त्याच्या मानानं फार घाईनं आला. कुबडीचं टोक उचललेल्या पट्टीखाली गेलं. तो आडवा झाला, अगदी फाटकाच्या मधोमध, आणि त्याच्या मागची सगळी रांग थांबली.

कुणी किंचाळलं नाही. बँकेतल्या काकांनी त्याला बसतं केलं. दादा तळहात झटकत होता, त्यात खडी रुतली होती.

परीक्षक बाई आल्या. त्यांनी आधी त्याला काही लागलं का विचारलं, मग बोटानं पट्टी उचलून बघितली. "हे दुरुस्त करा. मग तुमच्या भागाचा सराव पुन्हा घेऊ." मग त्या म्हणाल्या, "आणि हे कोणाबरोबर आलेत?"

काका दम लागल्यामुळे म्हणा किंवा बारकीच्या तोंडाकडे बघून म्हणा, गप्प राहिले. सगळा वर्ग बघत होता. बारकीला माहीत होतं की दोनच शब्द बोलायचे आहेत. ते अगदी ओठांपर्यंत आले होते.

"माहीत नाही बाई," ती म्हणाली. "बाहेरचे कुणी असतील."

दादानं वर पाहिलं. क्षणभरच. मग तो कुबडी ओढून घेत म्हणाला, "हो हो, बाहेरचाच मी. गर्दी दिसली, म्हटलं बघावं काय चाललंय. चुकलं माझं."

"मग त्यांना मुख्य दारापर्यंत सोडून या," परीक्षक बाई बारकीला म्हणाल्या. "आगंतुक माणसाला कसं बाहेर न्यायचं, शिकलात ना? तेही बघते मी."

शिकली होती. अर्धं पाऊल मागे चालायचं. हात धरायचा नाही, लागला तर कोपराला नुसता आधार द्यायचा. आवाज चढवायचा नाही. समोरच्याला साहेब म्हणायचं.

"चला साहेब," बारकी म्हणाली.

मुख्य दार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं. दादा त्याच्या चालीनं निघाला आणि ती अर्धं पाऊल मागे. चारी भागांतली माणसं वळून बघत होती. तिला लाज वाटत होती. आधी त्याची वाटत होती, फाटकात तो आडवा झाला तेव्हा. आता स्वतःची वाटत होती, आणि ही लाज त्या लाजेपेक्षा कितीतरी जड होती. मैदान संपता संपेना.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली.

"त्या बाई बघतायत," तो पुढे बघत म्हणाला. मग जरा मोठ्यानं, परक्या माणसाशी बोलावं तसा, "चांगली सोय केलीय हो ताई तुम्ही. लोकांना उन्हात उभं राहावं लागत नाही. एक सांगू का? तुमच्या जाकिटाचा हा खिसा उसवलाय कडेला. ज्यानं शिवलंय त्याला दाखवा. लगेच टाका घालून देईल."

दाराशी पोचल्यावर त्यानं तिला नमस्कार केला, हात जोडून, व्यवस्थित, आणि रस्त्याला लागला. तीन-चार घरं गेल्यावर तो एका पायरीवर बसला आणि तळहातातली खडी काढू लागला. वॉकीटॉकीवर तिला परत बोलावलं गेलं. ती परत गेली.

दुसऱ्या सरावात तळ्यावरची मंडळी वेळेच्या आधीच बाहेर पडली. परीक्षक बाईंनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन सांगितलं, की पट्टीची चूक गंभीर होती, पण त्या अपंग गृहस्थांना या मॅडमनी ज्या रीतीनं बाहेर नेलं ते सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे. जरासुद्धा कमीपणा वाटू दिला नाही त्यांना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती पास झाली होती.

मैदान आवरायला घेतलं तेव्हा ती सरांपाशी गेली. सर वायरी गुंडाळत बसले होते.

"सर, ते मघाचे... माझा दादा होता तो."

"माहीत आहे," सर म्हणाले. "नाक सारखं आहे तुमचं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ते मी बोलायचं नव्हतं, मॅडम."

वायर गुंडाळून झाली. सरांनी दुसरी घेतली.

"परीक्षक बाईंना सांगू का?" तिनं विचारलं.

"सांगा की. त्या काय, गाडीत बसतायत."

गाडी मैदानाच्या कडेला उभी होती. बाईंनी एक पाय आत घेतला होता आणि त्या कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. बारकी दोन पावलं पुढे गेली. व्यवस्थापकाची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर आली, टाळ्या आल्या. फोन संपेपर्यंत थांबू असं तिनं स्वतःला सांगितलं. फोन संपला, दार लागलं, गाडी गेली. सरांनी मान वर करून बघितलं नाही, याचे तिनं मनात आभार मानले आणि त्याचीही तिला शरम वाटली.

ती घरी आली तेव्हा दादा मशीनवर होता. तळहाताला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली.

"पास?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग! म्हटलं नव्हतं मी?" त्याला खरोखरच आनंद झाला होता. त्यात कुठे खोट काढायला ती बघत होती, पण खोट नव्हती. "आता तुझ्या महोत्सवाच्या जाकिटांचं काम दुसऱ्याला दिलंस तर बघ."

"दादा, मी तिथे..."

"तू काय? मी होतो का तिथे? मी दिवसभर इथे बसून काज करतोय." दात लावून त्यानं दोरा तोडला. "आणि त्या बँकवाल्यालाही सांगून ठेवलंय. उगाच सगळीकडे बडबडत बसेल."

तिनं ताटं मांडली. खरं बोलायला किती शब्द लागतील याचा ती विचार करत राहिली, आणि प्रत्येक वेळी ते शब्द आता आपल्याच समाधानासाठी असतील असं वाटून गिळत राहिली.

"चल, जेवू," ती म्हणाली.

रोज मशीनवरून उठताना दादा न बघताच डावा हात बाजूला करायचा आणि बारकीचा खांदा तिथे असायचा. ती शाळेत असल्यापासून हे असंच चालत आलं होतं, त्यासाठी कुणी कुणाला हाक मारत नसे. ती नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. दादानं आधी टेबलाची कड धरली. मग दुखऱ्या हातानं भिंत चाचपली आणि कुबडी काखेत घेत, एकेक आधार पारखत तो उठला. उठल्यावर त्याला तिच्यामुळे वाट मिळेना.

"जरा सरक," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

ती सरकली.