मागच्या भिंतीचे गुलाब

“बाई, जे दिसतं तेच काढायचं, असा वरून हुकूम आहे. गुलाब कुठे दिसतायत? कोबी दिसतोय.” एवढं बोलून चित्रकार मास्तरांनी ब्रश बुडवला, तोही माळीणबाईंनी आणून दिलेल्या चहात.

युद्धात कुठली जुनी वास्तू कधी पडेल याचा नेम नव्हता. पडण्याआधी त्यांची जलरंगात चित्रं काढून ठेवायचं काम मास्तरांकडे होतं. या हवेलीचा माळी लढाईवर गेला होता. त्याच्या मागे त्याच्याच बायकोनं बागेतले गुलाब उपटून कोबी लावला, कारण युद्धात फुलांऐवजी भाजी पिकवायचा हुकूम तिलाही होता. नवरा परत आला तर त्याला काय तोंड दाखवायचं, हाच तिला घोर होता.

“जरा इकडे या,” म्हणत तिनं मास्तरांना हवेलीच्या मागे नेलं. भिंतीलगत तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, एक गळकी किटली. सगळ्यांत गुलाब. “हे दिसतात ना?”

मास्तरांनी स्टूल उचलून मागच्या अंगणात मांडलं. दर्शनी बाजू राहिली ती राहिलीच. हे काम सोपवणाऱ्या साहेबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. नंतर बॉम्ब पडला आणि काढायला हवेलीच उरली नाही. डबे तेवढे वाचले. ते तिनं घरी आणले.

युद्ध संपलं. माळी परतला, हातापायांनी धड, पण तोंडातून शब्द नाही. डब्यांकडे पाठ करून बसायचा. गुलाब उपटले म्हणून हा आपल्यावर रुसलाय, असं तिनं घेतलं आणि ती आतून खचली.

चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा ती त्याला हाताला धरून घेऊन गेली.

मागच्या भिंतीच्या चित्रापुढे तो थांबला. मग नाक काचेला लागेल इतका जवळ गेला. रखवालदार खाकरला.

“त्या कडेच्या डब्याला भोक पाडलं नाहीस.” आवाज गंजलेला होता. “पाणी साचलंय बघ. मुळं कुजतील.”

डब्यात खरंच निळा ठिपका होता. मास्तरांनी दिसलं तेच काढलं होतं.

“विसरले हो,” म्हणत ती चारचौघांत हुंदके देऊन रडू लागली. बोलणी खाऊन इतकी खूश झालेली बाई रखवालदारानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

घरी पोचल्यावर बूटही न काढता माळी डब्यांपाशी जाऊन बसला.

“अगं, एक खिळा आण. आणि हातोडी.”