सुनावणीला न आलेली माणसं

बसचं वेळापत्रक आखणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे ‘आकडेबाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांच्या कानावर आलं होतं, आणि राग यायच्या ऐवजी त्यांना ते थोडं आवडलंच होतं. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचावी, हे त्या एकोणीस वर्षं ठरवत आल्या होत्या. या कामात डोळ्यांत पाणी आणून भागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या वर्षी ड्रायव्हर कमी पडले. एकीकडे बस वाढवायची, तर दुसरीकडची काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. टेकडीवरच्या वसाहतीची बस दिवसाला बारा फेऱ्या मारायची आणि फेरीला सरासरी चार माणसं बसायची. उलट नदीपलीकडून इस्पितळाकडे जाणारी पहाटे पाच वीसची बस तिसऱ्या थांब्यालाच गच्च व्हायची. पुढच्या थांब्यांवर एकेचाळीस माणसं हात करत राहायची आणि बस समोरून निघून जायची. टेकडीची बस काढून नदीपलीकडे द्यावी, यात बाईंना दोन मतं होण्यासारखं काही दिसेना.

परिवहन समितीची सुनावणी सकाळी अकराला होती. बाईंनी भिंतीवर तक्ता लावला आणि पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. मग टेकडीवर राहणारे, घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ उठले.

“माझ्या बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं,” ते म्हणाले. “परत येताना तिच्यात बसायचंही त्राण नसतं. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडते. ड्रायव्हर वळणावर बस हळू घेतो. तुमच्या त्या चार माणसांतली दोन आम्ही आहोत, बाई.”

एका सदस्यानं चष्मा काढून पुसला. प्रस्ताव एकमतानं फेटाळला गेला. एकेचाळीस जणांचं पुढे काय, हे कुणी विचारलंच नाही.

बाई घरी आल्या त्या फणफणतच. वडील टेबलाशी लसूण सोलत बसले होते.

“रडून दाखवलं की झालं. आमचे आकडे गेले चुलीत.”

“तो म्हातारा खोटं बोलला का?”

“नाही, बाबा.”

“मग त्याच्यावर कशाला चिडतेस? तुझी एकेचाळीस माणसं कोण आहेत?”

“म्हणजे?”

“म्हणजे कोण आहेत. मी सत्तावीस वर्षं कंडक्टरी केली. एकेचाळीस नावाचं माणूस काही मला कधी भेटलं नाही.”

बाईंनी फणकाऱ्यानं पहाटे चारचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पाचव्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बस भरलेली आली आणि न थांबता गेली. कुणी शिवी घातली नाही की हळहळलं नाही. सगळ्यांनी पिशव्या खांद्याला लावल्या आणि चालायला सुरुवात केली. बाईही निघाल्या. शेजारी इस्पितळाच्या धुलाईखात्यातली एक बाई होती, पुढे रोग्यांची न्याहारी करणारे दोघे. वाटेत गल्लीगल्लीतून आणखी माणसं येऊन मिळत होती.

“हे थांब्यावर का येत नाहीत?” बाईंनी विचारलं.

“बस मिळत नाही हे कळल्यावर कोण उभं राहील?” धुलाईवाली म्हणाली. “सरळ घरूनच चालत निघतात.”

ऑफिसनं धाडलेल्या मोजणाऱ्यानं थांब्यावरची माणसं मोजली होती. चालणारी त्याच्या कागदावर आलीच नव्हती. इस्पितळाच्या फाटकापर्यंत बाईंनी सदुसष्ट मोजली.

“सुनावणीला का नाही आलात कुणी?”

“अकरा वाजता? अहो, तेव्हा आमच्या हातात चादरी असतात. आणि दांडी मारली की त्या दिवसाचा खाडा.”

त्याच आठवड्यात बाई टेकडीवर गेल्या. घड्याळवाल्यांनी दार अर्धवटच उघडलं.

“बस काढायला आलात?”

“कुठल्या फेऱ्या लागतात ते विचारायला आले, काका.”

“आत तर बोलवा त्यांना,” आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. “यांनी माझं दुखणं साऱ्या सभेत मांडलं. मला विचारलंसुद्धा नाही. चारचौघांनी कीव केलेली मला आवडत नाही, हो. आम्हाला तीन दिवस सकाळी साडेसातची जायला आणि साडेबाराची यायला लागते. त्या दोन सोडून बाकी बसनं आम्ही कुठं मिरवत नाही.”

घड्याळवाले खाली मान घालून म्हणाले, “दुसरं काही सांगून कुणी ऐकलं असतं का?”

बाईंना ‘हो’ म्हणवेना.

पुढच्या सुनावणीत त्यांनी नव्या प्रस्तावात टेकडीच्या चार फेऱ्या ठेवल्या, त्यात साडेसात आणि साडेबाराच्या होत्या. बाकी वेळ ती बस नदीपलीकडे दिली. तक्ता लावण्याआधी त्यांनी चालणाऱ्यांची यादी वाचली: कोण कुठून निघतं, काय काम करतं, किती वेळ चालतं.

“बाई, आता तुम्हीही भावनेवर आलात?” अध्यक्षबाई हसून म्हणाल्या.

“नाही. गेल्या वेळी आपण जो समोर होता त्याचं ऐकलं. ते योग्यच झालं. पण ही माणसं समोर येऊ शकत नाहीत. त्यांची दखल घ्यायची तर मोजावंच लागतं. आणि मीही नीट मोजलं नव्हतं.”

प्रस्ताव अवघ्या एका मताच्या फरकानं पास झाला. घड्याळवाले मागून एवढंच म्हणाले, “साडेबाराची चुकवू नका म्हणजे झालं.”

महिन्याभरानं एक पत्र आलं. टेकडीवर राहणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या एका बाईचं. संध्याकाळी सातची फेरी गेल्यामुळे त्यांना रोज दोनशे पायऱ्या चढाव्या लागत होत्या, गुडघे दुखत असताना. ‘माझं दुखणं डायलिसिसएवढं मोठं नाही, म्हणून मी मोजण्यातच धरले गेले नाही का?’ असं त्यांनी लिहिलं होतं.

ऑफिसात अशा पत्रांसाठी छापील उत्तर होतं. बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि कोरा कागद घेतला. दोनदा लिहून फाडला. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘तुम्हाला मोजलं होतं. सातच्या फेरीला तुम्ही धरून पाच जण होता. तरीही ती फेरी मीच काढली. तुम्हाला त्रास होतो हे खरं आहे, आणि आज तरी माझ्याकडे त्याला उपाय नाही.’ मग खाली सही केली, आणि सहीखाली आपला फोन नंबर लिहिला.