न विरजणारं दूध

महाराजांनी बरणीवरचा रुमाल उचलला आणि पहिल्या रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सभागृह कसलं, फर्निचरच्या दुकानावरचा लांबट हॉल होता तो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखेसुद्धा बंद, कारण म्हणे अमृताला वारा लागता कामा नये. माणसं खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेली, उरलेली भिंतीला टेकून उभी. टेबलावर दुधाच्या दोन काचेच्या बरण्या. एकीतलं दूध नासून पिवळं पाणी सुटलेलं, वर बुरशीचा थर. दुसरीतलं पांढरंशुभ्र, आत्ताच तापवून गार केल्यासारखं. दोन्ही बरण्या एकाच दिवशी, एकाच पातेल्यातून भरल्याचं महाराज शपथेवर सांगत होते. एवढं मात्र ते खरं बोलत होते.

"दूध का नासतं?" महाराजांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं, "जगातली घाण आत शिरते म्हणून. या बरणीत मी चार अमृतबिंदू सोडले, वर मंत्र म्हटला. आठवडा झाला, घाणीची हिंमत झाली नाही आत यायची. आता मला सांगा, जे दूध नासत नाही ते पिणारं लेकरू आजारी पडेल का? मग लशीची सुई कशाला हवी? चांगल्या दुधात मिठाचा खडा टाकतं का कुणी?"

लोकांनी माना डोलावल्या. महाराजांनी छोट्या बाटलीतून नव्या दुधात चार थेंब सोडले, वरून अत्तराचा फवारा मारला आणि पुढच्या रांगेकडे बघून हळवं हसले. "डोळे भरून येतायत ना? येऊ द्या. अमृत जवळ आलं की आत्म्याला कळतं."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या दोघी बहिणींपैकी थोरलीचेही डोळे भरून आले होते. पण तिच्या डोळ्यांना हे पाणी चांगलंच ओळखीचं होतं.

थोरली लशीच्या संशोधनाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. नातेवाइकांच्या लेखी ती कधी डॉक्टर असायची, म्हणजे लग्नसमारंभात तिला गुडघेदुखीवर औषध विचारायचे, आणि कधी 'ती नाही का, उंदरांना सुया टोचते ती.' प्रत्यक्षात तिचं काम कंटाळवाणं आणि काटेकोर होतं. डांग्या खोकल्याचे जंतू वाढवायचे, फॉर्मलिन घालून मारायचे आणि मग ते खरंच मेलेत की एखादा उरलाय, याची खात्री करत बसायचं. दर वेळी शेजारी एक नळी अशी ठेवायची की जिच्यात फॉर्मलिन घातलेलंच नाही. तिच्यात जंतू वाढले तरच दुसरीतले फॉर्मलिननं मेले असं म्हणता येतं. फॉर्मलिनची बाटली पंखा लावलेल्या काचेच्या कपाटातच उघडायची. बाहेर उघडली तर नाकात झिणझिण्या आणि डोळ्यांतून धारा. अत्तरानं तो वास लपत नाही, फक्त अत्तराचा वास बिघडतो.

तिला इथं ओढून आणलं होतं धाकट्या बहिणीनं. धाकटीच्या मांडीवर तिची सात महिन्यांची चिमी पेंगत होती. पहिल्या लशीनंतर चिमीला सणकून ताप भरला, पोर रात्रभर रडली, आणि धाकटीनं जी धास्ती घेतली ती घेतलीच. पुढचे डोस राहिले. आणि वस्तीत डांग्या खोकला सुरू झालेला. त्यावर धाकटीचा उपाय म्हणजे महाराजांचं दूध, दिवसातून दोनदा, चमच्यानं. चिमी ते ओकायची, हल्ली नीट खातही नव्हती. महाराज म्हणाले होते, "ओकू द्या. लशीचं जहर बाहेर पडतंय." म्हणजे पोर बरी राहिली तर दुधाचा गुण आणि आजारी पडली तर लशीचा अवगुण. या माणसाला हरायची सोयच नव्हती.

थोरली उठून उभी राहिली.

"हे अमृत नाही, फॉर्मलिन आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "विष आहे हे. मेलेली जनावरं टिकवायला वापरतात. आमच्याकडे प्रयोगशाळेत जंतू मारायला मी रोज हाताळते. लेकरांना पाजू नका, आणि त्यांच्या लशी चुकवू नका."

महाराज क्षणभर गोरेमोरे झाले. पण गडी मुरलेला होता.

"ताई, तुम्ही कसली प्रयोगशाळा म्हणालात?"

"लशीची."

"ऐकलंत?" महाराज लोकांकडे वळले. "मी नाही म्हणालो, ताईच म्हणाल्या. लशीत विष घालतात, रोज घालतात, स्वतःच्या हातानं घालतात."

"अहो, ते जंतू मारायला. नंतर ते काढून टाकतात, उरतं ते इतकं नगण्य की..."

"म्हणजे उरतं," महाराज म्हणाले, आणि हॉल खो खो हसला.

पुढचं कुणी ऐकलंच नाही. किती उरतं, कोण मोजतं, हे सांगायला निदान पाच मिनिटं लागतात आणि गर्दीला पाच शब्दांपलीकडे धीर नसतो. थोरली तावातावानं बोलत राहिली, तिचा आवाज चिरकला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पगार बोलतोय." धाकटीनं पदर धरून तिला खाली बसवलं. धाकटीचे कान लाल झाले होते.

दोघी धाकटीच्या घरी आल्या. स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या धाकटीनं पिशवी ओट्यावर आदळली.

"चारचौघांत माझी शोभा केलीस."

"तुझी शोभा? तो तुझ्या पोरीला विष पाजतोय आणि तुला शोभेचं पडलंय?"

"मग तुमच्या सुईनं काय अमृत दिलं होतं? रात्रभर तडफडत होती ती. तू कुठं होतीस? तू लसवाल्यांची माणूस, तू दुसरं काय बोलणार?"

धाकटीचा नवरा दारात येऊन उभा राहिला, दोघींकडे बघितलं, "तुम्ही ठरवा काय ते," म्हणाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. या माणसाचं आयुष्यभराचं मत एवढंच.

थोरलीला वाटलं, सरळ पर्स उचलावी आणि निघावं. रोज सकाळी बस पकडून जायचं, हातमोज्यांत हात उकडवायचे, कुणाची तरी लेकरं जगावीत म्हणून डोळे फोडून नळ्या बघायच्या, आणि सख्ख्या बहिणीच्या घरात आपली किंमत काय, तर लसवाली. संताप संताप झाला तिचा. ती स्टुलावर बसून राहिली, कारण पलीकडच्या खोलीत चिमी होती.

धाकटी रागारागानं कामाला लागली. साधं दूध कोमट केलं, कालच्या दह्यातलं चमचाभर काढलं आणि विरजण लावायला घेतलं. थोरली बघत होती. बघता बघता तिला स्वतःच्याच डोक्यात एक टपली मारावीशी वाटली. इतका वेळ ती बहिणीला प्रयोगशाळा समजावत होती, आणि बहीण तर रोज प्रयोगशाळाच चालवत होती.

"याच्याबरोबर महाराजांच्या दुधालाही लाव विरजण," ती म्हणाली.

"ते कुणी विरजतं का?"

"का नाही? इतकं पवित्र दूध. दही किती गोड लागेल. सारखं भांडं घे, सारखंच विरजण, दोन्ही शेजारी ठेव. मी हातसुद्धा लावत नाही."

धाकटीनं संशयानं बघितलं. पण हट्टाला पेटलेली होती ती. "लावते. मग कळेल तुला."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं झाकणं काढली. साध्या दुधाचं दही घट्ट लागलं होतं, भांडं आडवं केलं तरी हललं नसतं. महाराजांचं दूध जसंच्या तसं, पातळ.

"विरजण कमी पडलं," धाकटी म्हणाली आणि दुप्पट घातलं. नाही लागलं. मग समोरच्या काकूंकडचं विरजण आणलं, त्यांच्या नातवासाठी आणलेलं महाराजांचं दूधही आणलं. तेही नाही लागलं. काकूंनी भांड्यात बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "अगं, माझं विरजण तर पाण्याचंसुद्धा दही करेल."

धाकटीनं दोन्ही भांडी जवळ ओढली. मग तिनं विचारलं, "ताई, दही लागतं ते कशानं?"

"विरजणातल्या जंतूंनी. चांगले जंतू. तेच दूध आंबवतात."

"आणि यात ते मरतात?"

"मरतात. म्हणून तर दूध नासत नाही. नासवणारेही मरतात, विरजणारेही मरतात. चांगलं-वाईट काही त्या थेंबांना कळत नाही."

"आणि चिमीच्या पोटात?"

धाकटी ओट्याला टेकून रडायला लागली, अगदी हमसून हमसून. "ती तोंड फिरवायची गं. मी धरून पाजायची." थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 'सांगितलं होतं ना' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. दोघी उठल्या आणि आधी चिमीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दूध त्याच क्षणी बंद करायला लावलं, पोटाला अजून मोठी इजा झालेली नाही म्हणाले आणि धाकटीला चांगलं फैलावर घेतलं.

पुढच्या बैठकीला दोघी बहिणी, काकू आणि गल्लीतल्या आणखी काही बायका भांडी घेऊनच गेल्या. टेबलावर ओळीनं मांडली. दही आणि दूध, दही आणि दूध.

"अमृताचं दही होत नसतं, माउली," महाराज म्हणाले. "अमृत अमृतच राहतं." आणि काय सांगावं, अर्ध्या हॉलनं याही वेळी माना डोलावल्या. थोरलीनं कपाळावर हात मारला.

धाकटी मात्र हलली नाही. "ठीक आहे महाराज. मग आज दोन भांडी ठेवू. एकावर नुसता मंत्र म्हणा, थेंब नको. दुसऱ्यात नुसते थेंब टाका, मंत्र नको. आम्ही सगळ्याजणी इथंच बसतो. बघू कुठलं टिकतं."

हॉलमध्ये कुजबूज झाली. प्रश्न सोपा होता, शेवटच्या रांगेलाही कळला. महाराजांना तर फारच चांगला कळला. ते म्हणाले, "शंकेखोरांत अमृत राहत नाही," आणि बाटलीकडे हात नेला. पण काकूंनी आपला भरभक्कम हात आधीच तिच्यावर ठेवला होता. महाराजांनी बाटलीचा नाद सोडला आणि मागच्या जिन्यानं काढता पाय घेतला. कुणीतरी खिडक्या उघडल्या, वारा आला आणि लोकांचे डोळे कोरडे झाले. अन्नभेसळ तपासणाऱ्यांनी बाटलीत फॉर्मलिनच असल्याचं सांगितलं. पोलीस अजून महाराजांना शोधतायत.

पोट सावरल्यावर चिमीला लशीला नेलं. रांगेत धाकटीनं विचारलं, "लशीत ते फॉर्मलिन असतं का? खरं सांग."

"असतं. जंतू मारून झाल्यावर काढतात, तरी किंचित उरतं."

"किंचित म्हणजे?"

"चिमीचं शरीर ते स्वतःही थोडं बनवतं. तिच्या रक्तात एरवी जेवढं असतं, त्याहूनही कमी."

"कुणी मोजलं?"

"आम्ही मोजतो. मग ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही तेही मोजतात. आणि ताप येईल परत. एक-दोन दिवस. या वेळी मी राहते तुझ्याकडे."

नर्स वैतागली, "बाई, किती प्रश्न?"

"विचारू द्या तिला," थोरली म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या बाकावर एका बाईच्या कुशीतलं लेकरू खोकायला लागलं. खोकता खोकता निळं पडलं, आणि मग श्वास ओढताना त्याच्या घशातून लांब, कर्कश आवाज आला. थोरली इतकी वर्षं हे जंतू नळीत वाढवत आणि मारत आली होती. लेकराच्या छातीत ते काय करतात, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

त्या बाईनं थोरलीला ओळखलं. तीही हॉलमध्ये असायची. "ताई, तुम्ही लसवाल्या ना? आता दिली लस तर चालेल?"

"आता लशीनं हा आजार बरा होणार नाही. आता औषध, आणि लगेच मोठ्या दवाखान्यात."

"मग आधी कुणी सांगितलं का नाही हो?"

सांगितलं होतं. भर हॉलमध्ये, उभं राहून, आवाज चिरकेपर्यंत सांगितलं होतं. पण थोरलीनं ते लेकरू उचललं आणि रांग मोडून डॉक्टरांच्या खोलीकडे धावली.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, लस देणाऱ्यालाही विचारा, आणि जो पडताळू देत नाही त्याच्या हातात आपलं लेकरू देऊ नका. फक्त लवकर विचारा.