एका घोड्याची जागा

आमचं घर म्हणजे जुनी डाकचौकी. इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या पुढे, वेल्समधल्या होलिहेड बंदराला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर. अडीचशे वर्षांपूर्वी डाक आणणारा स्वार इथे दमलेलं घोडं सोडायचा आणि ताज्या दमाच्या घोड्यावर पुढच्या चौकीकडे निघायचा. हे सगळं मी ह्यांच्याकडूनच ऐकलंय, हजारदा. हे म्हणजे माझे यजमान, हरीश. नागपूरचा इंजिनियर माणूस, पण रिटायर झाल्यावर हे थंडगार घर घेतलं ते केवळ त्यातल्या तबेल्यासाठी. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

तबेल्यात ह्यांनी एका घोड्याची जागा कायम तयार ठेवली होती. खाली पेंढा, कोपऱ्यात बादली. चौकीवर आलेलं दमलेलं जनावर परत पाठवायचं नसतं, म्हणे. मी म्हणायचे, अहो, आता डाक लाल व्हॅनमधून येते, तिला पेंढा घालणार का? हे नुसते हसायचे. इतक्या वर्षांत एक शिंगरूसुद्धा फिरकलं नाही.

मग माझा गुडघा गेला. ऑपरेशन झालं तरी जिना चढवेना. ह्यांनी मला न विचारताच तबेल्यात गुळगुळीत फरशी बसवून घेतली, हीटर लावला, माझा पलंग खाली आणला. पेंढा स्वतःच्या हातांनी बाहेर काढला. मी "कशाला?" म्हटलं, पण ते आपलं तोंडदेखलं. खरं तर मला फार बरं वाटलं होतं.

आणि ऑगस्टमध्ये आलं की हो वरातीमागून घोडं! संध्याकाळी दारात टापा वाजल्या. एक वेल्श मुलगी जुन्या डाकरस्त्याने एकटीच होलिहेडला निघाली होती आणि तिची घोडी लंगडत होती. नकाशात चौकी बघून ती आशेने आलेली. रात्रीपुरती जागा मिळेल का, म्हणाली. ह्यांनी माझ्या पलंगाकडे पाहिलं. मी सोफ्यावर झोपायला तयार होते, पण त्या फरशीवर लंगडी घोडी उभी राहणार कशी?

ह्यांनी घोडीला बादलीभर पाणी पाजलं, तिची मान थोपटली आणि दोघींना पुढच्या गावातल्या शेतकऱ्याकडे चालत पोचवून आले. बूट काढताना एवढंच म्हणाले, "त्याच्याकडे जागा होती."

माझ्या जिवाला ते फार लागलं. आता मी कठडा धरून, बसत-उठत वरच झोपायला जाते. खालचा पलंग हलवून मीच रबराची मॅट घातली, वर पेंढा पसरला. ह्यांना बोलावून दाखवलं.

"आता कोण येतंय," म्हणाले, आणि बादली उचलून झाडांना पाणी घालायला घेऊन गेले.